उरलेली खुंटी

घर उलगडायचं ठरलं तो ऑक्टोबर.
पाडायचं नाही, उलगडायचं,
फ्रिडोलिन सुतार दोनदा म्हणाला,
पोराला सांगावं तसं: दार आपटू नकोस.

आल्सासच्या दक्षिण टोकाला, कार्प माशांच्या तळ्यांमागे
रस्ता रुंद होणार होता
आणि ओदिल हेगेलिनची ओसरी
नकाशावरच्या लाल रेघेत येत होती.

आधी उतरली कौलं, बीव्हरच्या शेपटीसारखी चपटी.
मग कुडाच्या भिंती:
हेझलच्या काठ्यांची वीण,
तिच्यावर चिखल, पेंढा, गाईचे केस.
एका चौकटीत चार बोटं उमटलेली, खोल.
अंगठा कुठाय, ओदिलनं विचारलं.
पलीकडून काठी धरून असेल, फ्रिडोलिन म्हणाला,
आणि तेवढं ढेकूळ त्यानं आपल्या टोपीत ठेवलं.
बाकी माती पोत्यांत.
भिजवली की ती पुन्हा भिंत होते,
तीनशे वर्षांनीसुद्धा, कुरकुर न करता.

राहिला सांगाडा.
ओकचा. हात लावला तर थंड, वास घेतला तर धुराचा.
खांबात तुळई, तुळईत वासा,
कोपऱ्यात तिरके टेकू असे
की कुणी पाय फाकून, हात वर करून
छत डोक्यावर घेतलंय.
लोखंड औषधालाही नाही.
खाचेत कुसू, कुसवातून खुंटी,
आणि प्रत्येक जोडाशी पटाशीनं कोरलेली खूण:
एक रेघ, दोन रेघा, तीन, चार,
पुढं कैची, पुढं फुली.

घर फिरलं की वासे फिरतात, खरंय.
पण हे वासे आकडे लावून फिरतात.

फ्रिडोलिननं बॅटरी तिरकी धरली
आणि शिडीवरच थांबला.
फुलीशेजारी आणखी एक खूण होती, झिजलेली, दुसऱ्या हातची.
हा अकरावा खांब, तो म्हणाला,
आधी कुठंतरी चौथा होता.

मग ओदिलनं बिस्किटांच्या डब्यातून वाटणीपत्र काढलं.
बहिणी दोन: आपोलोनिया, वाल्बुर्गा.
तेव्हाचा रिवाज असा की जमीन तेवढी स्थावर,
घर जंगम.
म्हणून यादीत गाय, मग घर, मग पिसांची गादी.
वाल्बुर्गाला जमीन आणि नासपतीचं झाड.
आपोलोनियानं घर उचललं,
अकरा बैलगाड्या, तीन दिवस, ओढ्याच्या पल्याड.

मागं काय उरलं असेल?
दगडी जोत्याचा चौकोन
आणि चुलीखालची काळी माती.
तिथं ती कांदे लावायची, म्हणे. मोठे व्हायचे.
बहिणी पुढं बोलल्या की नाही
ते कागदात नाही.

हिवाळाभर घर ताडपत्रीखाली आडवं पडून होतं.
ओदिल पुतणीकडे राहायची, रोज एकदा येऊन
ताडपत्री उचलून बघायची,
मोजायची नाही, नुसतं बघायची.

मार्चमध्ये नव्या जागी पाया खणला.
काळी माती लागेल असं तिला उगाच वाटत होतं.
पिवळी लागली. चिकणमाती, एक फुटकी बाटली.

एप्रिलात खांब उभे राहिले.
फ्रिडोलिननं दोन खुणांशेजारी तिसरी कोरली
आणि पटाशी पुसून म्हणाला,
पुढच्याला जागा ठेवलीय.

शेवटची तुळई बसली, पोरांनी आढ्याला फरची फांदी बांधली,
वाइन फिरली,
आणि ओदिलच्या ॲप्रनच्या खिशात
एक खुंटी उरली.

फ्रिडोलिननं ती उजेडात धरली. जुनी. सरळ. कामाची.
सगळे जोड पुन्हा बघितले, दोनदा, वाइन प्यायच्या आत आणि नंतर.
सगळं भरलेलं.

मग ही कुठली?
त्यानं खांदे उडवले.
कुठंतरी एक भोक रिकामं आहे, म्हणाला,
वारा शोधून देईल.

आता नोव्हेंबर आहे.
खुंटी चमच्यांच्या खणात आहे.
रात्री वारा सुटला की ओदिल पिसांच्या गादीतून
एक कान बाहेर काढते.